पुलावर मरणारी व्हॅन

“उतरा रे सम्दा! खाले उतरा! कठड्याकडे उभं राहा, रस्त्याकडे कोणी गेलं तर याद राखा!”

नाना स्टिअरिंगवर दोन्ही मुठी आपटत ओरडत होते. व्हॅन डिंडोलीच्या पुलाच्या ऐन चढावर मेली होती. मागे रिक्षा, टेम्पो, कापडाचे तागे लादलेल्या तीनचाकी असा सगळा सुरत जिल्हा हॉर्न वाजवत उभा होता. माझ्या अंदाजाने रांग पार नवसारीपर्यंत गेली असावी. मी नानांच्या शेजारच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. मागे बसलेल्या शाळेच्या पोरांनी आनंदाने दप्तरं उचलली, कारण पहिला तास गणिताचा होता.

पोरांवरचं ओरडणं संपवून नाना माझ्याकडे वळले.

“आनि तू! तू मनी गाडी मारी टाकी! चांगली चालनारी गाडी, तुना लॅपटॉपनी मारी टाकी!”

“नाना, बटण दाबा. पेट्रोलवर घ्या.”

“पेट्रोलवरच चालवनी व्हती तर गॅस कसाले बसाडा?”

प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायच्या आत एक स्कूटर आमच्या शेजारी येऊन थांबली. स्कूटरवर शाळेच्या प्रिन्सिपॉल मॅडम. त्यांनी कठड्याला टेकलेली पोरं मोजली, मग नानांना, मग मला, मग लॅपटॉपला बघितलं.

“नाना, ही तिसरी वेळ. पालकांचे फोन मला येतात, तुम्हाला नाही. सोमवारी ही व्हॅन पुलावर दिसली तर मुलं दुसऱ्या व्हॅनमध्ये जातील. कायमची.”

स्कूटर गेली. नानांनी स्टिअरिंगवरच्या मुठी खाली घेतल्या.  नाना तीस वर्षं लिंबायतच्या पॉवरलूममध्ये मास्तर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. कान लूमच्या खडखडाटात गेले, गुडघे उभं राहून गेले. ही व्हॅन आणि ही पोरं एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं.

त्यांनी बटण दाबलं, व्हॅन पेट्रोलवर खोकत सुरू झाली, पोरं नाराज चेहऱ्याने आत बसली.

इथे माझी ओळख करून देतो. मी सुभाष. मूळचा अमळनेरकडचा, जन्म सुरतेचा. उधन्याच्या एका गॅरेजात गॅसवर गेलेल्या गाड्या ट्यून करतो. या शहरात गॅसवर चालणारं असं एकही इंजिन नाही ज्याला माझी वायर लागलेली नाही. हजीऱ्याला गॅस घेऊन येणारी जहाजं तेवढी सोडून द्या, त्यांचं अजून बोलणं चालू आहे.

आता धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या. गाडीत ECU नावाचा मेंदू असतो. इंजिनाच्या प्रत्येक घोटाला किती पेट्रोल द्यायचं, ते तो ठरवतो. गाडी एलपीजीवर नेली की हा मेंदू काढत नाहीत, त्याच्या शेजारी दुसरा, छोटा मेंदू बसवतात. मोठा म्हणतो, “एवढं पेट्रोल दे.” छोटा ते ऐकून भाषांतर करतो, “म्हणजे एवढा गॅस.” ट्यूनिंग म्हणजे या भाषांतरकाराला शिकवणं. गॅस कमी सोडला तर गाडी धापा टाकत मरते. जास्त सोडला तर भस्म्या रोग झाल्यासारखी पिते.

सुरतेत सगळे सीएनजीच लावतात. नानांनी एलपीजी घेतला, कारण सीएनजीचं सिलिंडर म्हणजे बोकडच आडवा झोपवायचा. मग पोरांची दप्तरं ठेवायची कुठे? एलपीजीची टाकी लहान, सीटखाली मावते.

पुलावर लॅपटॉपने मला एक चमत्कारिक गोष्ट दाखवली होती. चढ लागला, नानांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, मोठा मेंदू “आणखी दे, आणखी दे” म्हणून गळा काढत होता. आणि छोटा मेंदू, गाडी सिग्नलला उभी आहे अशा थाटात, चमच्या-चमच्याने गॅस सोडत होता. इंजिन उपाशी मेलं.

असा बेफिकीर भाषांतरकार मी शिकवलेला नव्हता. म्हणजे मध्ये कोणीतरी हात घातला होता. माझा संशय तिथेच, पुलावरच, अंकुरला.

गॅरेजात पोचलो तर मालक जयेशभाई दारातच उभे. त्यांना बातमी आमच्या आधी पोचते, कशी ते देवाला माहीत.

“सुभाष, आ गाडी पाछी आवी?”

“सेन्सरचा घोळ वाटतोय, भाई.”

“मागच्या वेळी पण सेन्सर बोलला होता. तू बदलला होता की नुसता पुसून लावला?”

बघा! मी संशय घ्यायच्या आधी माझ्यावरच संशय. मी त्यांच्या डोळ्यांदेखत सेन्सर पुन्हा बदलला. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं, सीट उचलली की दिसतं. गाडी तोवर चहा-पाणी, भांडण, दोन फोन यात गार झाली होती. चालू केली, लॅपटॉप जोडला, रेस दिली. छोटा मेंदू असा शहाण्यासारखा वागला, की बघणाऱ्याला वाटावं मीच पुलावर स्वप्न बघितलं. रेस वाढवली की गॅस वाढे, सोडली की कमी होई. पडद्यावरच्या रेषा नवरात्रातल्या गरब्यासारख्या तालात.

“बराबर तो छे,” जयेशभाई म्हणाले. आणि मग, मला ऐकू जाईल अशा बेताने, “माझा साळा नवसारीला लॅपटॉपचाच कोर्स करून बसला आहे.”

नाना कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हणाले, “आठे बरोबर चालस, पुलावर मरस. भाऊ, खरं सांग. तू काही मुद्दाम तर ठेवत नही ना? पेशंट परत येवाले पाहिजे म्हनून?”

“नाना! तुमची शपथ!”

“मनी कसाले? तुनी खा.”

अशी सगळी मंडळी एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत बसली. मीही बघायला लागलो. ट्यूनरच्या धंद्यात खरं अवजार लॅपटॉप नव्हे. खरं अवजार म्हणजे तिरकी नजर.

“नाना, किट बसवल्यावर पहिले काही दिवस गाडी कशी होती?”

“लोणी.”

“मग कधीपासून बिघडली?”

“गडावरून उनू तवपासून.”

गड म्हणजे वणीचा सप्तशृंगीचा गड. खानदेशी माणूस सुरतेत कितीही वर्षं राहो, वर्षातून एकदा देवीला तोंड दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. नाना नानींना घेऊन घाटातून जाऊन आले होते. आणि माझ्या डोक्यात ट्यूबलाइट पेटली. घाटाच्या त्या रस्त्यावर गाडीचा गॅस मिळणार कुठे? एलपीजीचे पंप शहरातच विरळ. मग नानांनी काय केलं असेल? घरचं सिलिंडर सोबत नेलं असेल आणि नळी लावून टाकीत ओतलं असेल. हा उद्योग लोक करतात. बेकायदा आहे, जिवाशी खेळ आहे, आणि घरच्या गॅसातला तेलकट गाळ इंजेक्टरमध्ये जाऊन बसतो. जमलं! चोर सापडला.

पण नानांना तोंडावर विचारायची सोय नव्हती. लूम मास्तरचा हात बघितलाय मी. तो हात पाना न घेता नट सोडवतो.

शनिवारी सकाळी, नाना पोरांना पेट्रोलवर शाळेत सोडायला गेलेले असताना, मी डिंडोलीला त्यांच्या घरी पोचलो. म्हटलं, नानींना नमस्कार करावा, चहा घ्यावा, आणि चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघर बघून घ्यावं.

नानींनी चहा ठेवला. मी ओट्याखाली वाकून सिलिंडर हळूच हलवून बघितलं. भरलेलं होतं. शेजारी दुसरं. तेही भरलेलं. नळ्या बघितल्या. सील बघितलं.

“भाऊ,” नानी मागून म्हणाल्या, “सिलिंडर कसाले हालवस?”

“काही नाही नानी, लीक वगैरे…”

“गॅस एजन्सीमां लागना का तू?”

“नाही हो.”

“मंग बस ना खुर्चीवर. चोरासारखा वाकेल शे तो!”

मी बसलो. सिलिंडर निर्दोष होती. भरायची नळी कुठेच नव्हती. संशय वाया जाऊ नये म्हणून मी बाकी स्वयंपाकघर बघत बसलो. मिक्सरच्या वायरीला लाल धागा बांधलेला. पाण्याच्या मोटरीला लाल धागा. पंख्याच्या रेग्युलेटरलाही.

“हे काय नानी?”

“गडवरला धागा. नाना बांधतस. जे मशीन तरास देस, तेले. मिक्सरनी माले शॉक दिधा व्हता. मोटर दोनदा जळनी.”

“आणि फ्रिजला नाही?”

“फ्रिज गरीब शे,” नानी म्हणाल्या. आपल्याकडे न मारणाऱ्या गाईला म्हणतात तसं. “तेले कसाले धागा?”

मी हसलो, चहा प्यायलो, निघालो. इतका मोठा ट्यूनर, आणि माझ्या डोळ्यांसमोर उत्तर तीन ठिकाणी बांधलेलं होतं. पण मी सिलिंडर शोधायला गेलो होतो ना. जे शोधायला जावं तेवढंच दिसतं.

सिलिंडर सुटलं, तर आता उरला एकच. उधन्याच्या पलीकडे दुसरा एक ट्यूनर बसतो. नाव घेत नाही, उगाच त्याची जाहिरात होईल. मला “वायरवाला” म्हणतो, मीही त्याला तेच म्हणतो. माझी गिऱ्हाइकं फोडायला तो माझ्या गाड्यांचे मेंदू बिघडवत असेल, अशी माझी जुनी खात्री आहे. पुरावा नाही, म्हणून तर खात्री पक्की.

याचा बंदोबस्त मी गुरुवारीच, सेन्सर बदलून झाल्यावर, करून ठेवला होता. छोट्या मेंदूला पासवर्ड घातला. आणि गॅसच्या प्रत्येक नट-बोल्टवर नेलपॉलिशचा ठिपका लावला. बोल्ट कोणी फिरवला तर ठिपका तुटतो, चोर पकडला जातो. नेलपॉलिश बायकोची, गुलाबी. ती बाटली खिशात घेऊन मी घरी गेलो तर बायको म्हणाली, “गॅरेजात गुलाबी कोणाला आवडतं?” त्या प्रश्नाचा बंदोबस्त अजून व्हायचा आहे.

शनिवारी दुपारी मी सीट उचलून सगळे ठिपके तपासले. एकही तुटलेला नव्हता. पासवर्ड जसाच्या तसा, आतले आकडेही मी पहिल्या दिवशी भरलेलेच. म्हणजे मेंदूला कोणी हात लावलेला नव्हता, बोल्टला कोणी हात लावलेला नव्हता. आणि गाडी गार असताना नेहमीप्रमाणे देवमाणूस.

गार असताना.

तिथे मी थांबलो. तिन्ही वेळा व्हॅन कधी मेली होती? डिंडोलीच्या सगळ्या गल्ल्या फिरून, पोरं गोळा करून, इंजिन चांगलं तापल्यावर. आणि मी प्रत्येक वेळी तपासली कधी? भांडण, चहा, पुन्हा भांडण झाल्यावर. तापलेल्या गाडीत काय होतं, ते कोणी बघितलंच नव्हतं. पुलावर सीट उचलून बघायला वेळ कुठला, मागे नवसारीपर्यंत हॉर्न.

मी नानांना फोन केला. “नाना, उद्या रविवार. गाडी भरून लांब जायचं. मेली की तिथल्या तिथे सीट उचलायची. गार होऊ द्यायची नाही.”

 मग नाना म्हणाले, “सीट कसाले उचलनी?”

“इंजिन बघायला.”

“इंजिन गरम ऱ्हाईन. हात भाजीन तुना.”

“भाजू दे.”

“नको भाऊ. आपन गॅरेजमांच बघू.”

माझे कान असे टवकारले की डोक्यावरची टोपी उडाली असती, असती तर. ज्याची पोरं सोमवारी दुसऱ्या व्हॅनमध्ये जाणार आहेत, तो माणूस इंजिन बघू नका म्हणतो? म्हणजे नानांनी काहीतरी करून घेतलंय. त्या वायरवाल्याकडून मायलेज वाढवायचा एखादा डबा बसवून घेतलाय, आणि लपवून ठेवलाय!

“रविवारी सकाळी,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

व्हॅनमध्ये पोरांइतकं वजन हवं होतं. नानींनी प्रश्न सोडवला. गल्लीतल्या त्यांच्या मैत्रिणींना कळलं की गाडी फुकट फिरायला निघालीय, आणि त्या नटून आल्या. कुठे जायचं यावर एकमत होतं: डुमसच्या समुद्रावर, टोमॅटोची भजी खायला. व्हॅनमध्ये किती बायका बसल्या सांगत नाही, पोलीसही मराठी वाचतात. एवढंच सांगतो, की शेवटची आत बसली तेव्हा पुढच्या चाकांनी जमीन सोडल्यासारखं वाटलं.

नाना गाडी चालवत होते. मी शेजारी, लॅपटॉप मांडीवर, एक डोळा पडद्यावर, एक नानांवर. ते माझ्याकडे बघत नव्हते. सारखे सीटची कड हाताने दाबून बघत होते, जशी ती आपोआप उघडणार होती.

उधना गेलं, मजुरा गेलं. मागे बायकांची गाणी. इंजिन तापत चाललं. पडद्यावर मी एकच रेषा धरून बसलो होतो: इंजिन किती जोरात श्वास ओढतंय ते दाखवणारी. छोट्या मेंदूला हे कळावं लागतं, त्याशिवाय भाषांतर जमत नाही. त्यासाठी इंजिनाच्या हवेच्या वाटेतून एक रबरी नळी त्याच्यापर्यंत आणलेली असते, करंगळीपेक्षा बारीक. सुरुवातीला ती रेषा उड्या मारत होती. मग सुस्तावली. मग नानांच्या पायापेक्षा मागे पडायला लागली, जसा फोनवर आवाज उशिरा येतो. डुमसच्या रस्त्याला गाडीने एका ट्रकला ओव्हरटेक करायला जोर घेतला, आणि रेषा आडवी झोपली.

धक्का, धक्का, आणि गेली. व्हॅन कडेला लागली. मागचं गाणं मधेच तुटलं.

“उठा नाना.”

नाना उठेनात. स्टिअरिंग धरून बसून राहिले.

“नाना, सीट.”

“थांब. जराशी गार होऊ दे.”

“गारच तर होऊ द्यायची नाही!”

“म्हनस ना, थांब!”

“काय लपवलंय खाली? कोणाचा डबा बसवलाय? त्या वायरवाल्याचा ना?” मी आता ओरडतच होतो. “उद्या पोरं जातील तुमची, आणि तुम्ही त्याला पाठीशी घालताय!”

“कोनता वायरवाला?” नानाही ओरडले. “मी कोनाले वळखत नही!”

“मग उठा!”

मागून नानींचा आवाज आला, लूमच्या खडखडाटावरून ऐकू जाणारा: “उठा हो! बाया गरमीमां मरी राह्यन्यात, आनि तुमनं काय चालेल शे!”

नाना उठले. तीस वर्षं शेठला न घाबरलेला माणूस, पण हा आवाज वेगळा.

मी सीट उचलली. गरम हवेचा भपकारा तोंडावर आला. ती बारीक नळी शोधली. काळ्या वायरींमधून जाणारी काळी नळी. तिच्यावर मधोमध काळी टेप गुंडाळलेली. काळ्या वायरिंगमध्ये काळी टेप म्हणजे म्हशींच्या कळपात आणखी एक म्हैस, आजवर माझ्या नजरेतून सुटली होती. पण ही टेप आमची नव्हती. आम्ही कापडी टेप वापरतो, ही चकचकीत प्लास्टिकची.

मी बोट लावलं.

“तेले हात लावू नको!” नाना असे ओरडले की रस्त्यापलीकडचा नारळवाला उठून उभा राहिला.

मी टेप सोलली.

आत लाल धागा. घट्ट, तीन वेढे. गाठ एवढी बारीक आणि चपटी, की बोटाला लागू नये. लूमवर तुटलेला ताणा जोडायची गाठ. ती कापडातून दिसत नाही, आणि माणूस मेला तरी सुटत नाही. गार असताना रबर त्या धाग्याला पुरून उरत होतं. तापलं की ते उकडलेल्या शेवयीसारखं मऊ पडायचं, धागा आत रुतायचा, आणि नळीचा गळा आवळला जायचा. मग छोट्या मेंदूला इंजिनाचा श्वासच कळेना. आवळताना जो शेवटचा श्वास कळला, तोच धरून बसायचा. त्याला वाटायचं, गाडी निवांत चाललीय. चढावर चमच्याने गॅस द्यायचा तो याच्यामुळे.

मी नानांकडे बघितलं. बायका खाली उतरून गोल करून उभ्या होत्या.

“नाना, हे तुम्ही बांधलं?”

“हा.”

“का?”

“गॅसना भरोसा नही व्हता माले. मांगे लोकांची पोरं बसतस.” नाना रस्त्याकडे बघत बोलत होते. “देवीना धागा शे. तुमना गॅरेजवाला धागा दिसना का कापतस, म्हनून वरतून टेप लायी.”

“पण सगळी गाडी सोडून याच नळीला?”

नानांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

“तूच दखाडेल व्हती.”

आणि मला आठवलं. किट बसवून गाडी ताब्यात देताना मी जरा रंगात आलो होतो. नाना टाकी आणि जाड नळ्या बघून घाबरले होते. मी सीट उचलून, त्या बारीक नळीवर बोट ठेवून म्हणालो होतो, “नाना, त्या मोठ्यांना भिऊ नका. गॅसचा लगाम म्हणजे ही एवढीशी नळी. ही शाबूत तर गॅस तुमच्या मुठीत.” उत्तम मराठी. पुढच्या वेळी जरा वाईट बोलेन.

“आता सोडा,” मी म्हटलं.

“कापू नको.”

“मी नाही कापत. तुम्हीच सोडा.”

नाना गुडघ्यावर बसले. भाजेल म्हणून ओढणी गुंडाळायला नानींनी दिली, ती त्यांनी बाजूला ठेवली. नखाने गाठ चाचपली, एक टोक मागे ढकललं, आणि जी गाठ सोडवायला मला करवत लागली असती ती फुंकर मारल्यासारखी सुटली. त्यांनी धागा कपाळाला लावला आणि खिशात ठेवला. मी नळीचा तो तुकडा बदलला, गाडी गॅसवर चालू केली. पडद्यावरची झोपलेली रेषा उठून उड्या मारायला लागली.

“चालनी?” नानांनी विचारलं.

“चालनी.”

डुमसला भजी खाल्ली. परत येताना नानांनी व्हॅन मुद्दाम डिंडोलीच्या पुलावरून नेली, खाली आणली, वळवून पुन्हा नेली. बायकांना वाटलं रस्ता चुकला.

निघताना मी सांगितलं, “नाना, धागा कुठेही बांधा. आरशाला बांधा, दाराला बांधा. फक्त नळीला नको.”

“दखसू,” नाना म्हणाले, म्हणजे बघतो. तेव्हा माझं लक्ष नव्हतं. लॅपटॉपची पिशवी नानांच्या पायाशी ठेवून मी नानींनी बांधून दिलेली भजी घ्यायला गेलो होतो.

सोमवारी सकाळी मी पुलाच्या टोकाला टपरीवर चहा घेत उभा राहिलो. व्हॅन आली. चढ लागला. मी ग्लास खाली ठेवला. व्हॅन चढावर एका रिक्षेला, एका टेम्पोला आणि मॅडमच्या स्कूटरला मागे टाकून वर गेली. खिडकीतून पोरांचे चेहरे दिसले, सगळे पडलेले. पहिला तास गणिताचाच असावा. दुपारी नानांचा निरोप आला, की मॅडमनी मुलं त्यांच्याकडेच ठेवली आहेत.

जयेशभाईंनी विचारलं, “शुं हतुं? झालं काय होतं?”

“व्हॅक्यूम लाइनमध्ये रिस्ट्रिक्शन.”

“एटले?”

“नळी आवळली गेली होती. उष्णतेनं.”

यात खोटं एक अक्षर नाही. साळा अजून नवसारीलाच आहे.

आमच्या धंद्यात येणाऱ्यांना मी एकच सांगतो. गिऱ्हाइकाला मशीन जरूर समजावून द्या, पण सगळ्यात महत्त्वाचा भाग बोट लावून दाखवू नका.

मंगळवारी दुसरी गाडी आली. मी पिशवीतून लॅपटॉपची वायर काढली, तर हाताला काहीतरी चिकट लागलं. वायरीवर काळी चकचकीत टेप. सोलली. आत लाल धागा, चपटी गाठ.

मी फोन लावला. मागे पोरांचा कालवा चालू होता.

“नाना, हा धागा गाडीसाठी होता ना? माझ्या लॅपटॉपला का बांधलात?”

“गाडी गरीब शे,” नाना म्हणाले.